बोलून दाखव ना काहीतरी जपानीत!

परवा चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीला गेले होते, कर्वे रोडच्या एका कार्यालयात, आणि तिथे भर पंगतीत माझी जी परेड काढली गेली तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. मुंज छान झाली, बटू गोड होता, मठ्ठा पातळ होता. तो विषय नाही.

विषय असा की वाढप चालू असताना आमच्या वहिनींनी शेजारच्या एका काकांना सहज सांगितलं, "ही जपानी शिकते बरं का." झालं.

हे काका कोणाचे कोण ते मला अजून कळलेलं नाही. मोरपंखी जॅकेट, खिशाला दोन पेनं, आणि बटूच्या आजोळचे त्यांना आमच्याकडचे समजत होते, आम्ही आजोळचे समजत होतो. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत. ते माझ्याकडे पूर्ण वळले, म्हणजे खुर्चीसकट, आणि म्हणाले, "जपानी? अरे वा! बोलून दाखव बरं काहीतरी."

म्हटलं, काय बोलू?

"काहीही. मीठ वाढा म्हण."

"काका, मीठ वाढलंय."

"मग पाणी द्या म्हण."

मी म्हटलं, "मिझु ओ कुदासाइ." काकांनी डोळे मिटून, मान किंचित डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "आता जरा मोठ्यांदा. पलीकडच्यांना नाही आलं ऐकू." मग पलीकडच्यांसाठी एकदा झालं. मग समोरच्या रांगेतल्या मावशींनी कानाला हात लावला म्हणून त्यांच्यासाठी झालं. तेवढ्यात जिलबीवाला वाढपी ताट घेऊन माझ्यासमोर येऊन ठेपला.

"ताई, वाढू का पुढं जाऊ? मागं लाइन थांबलीये."

"थांब रे," काका म्हणाले, "ती जपानी बोलतीये."

थांबला बिचारा. मला परत म्हणायला लावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे काय म्हणल्या?"

"पाणी द्या म्हणाली," काकांनी माझ्या वतीनं भाषांतर केलं.

"पाणीवाला येगळाय," वाढपी म्हणाला, "माझ्याकडं फक्त जिलबी." आणि दोन जिलब्या टाकून निघून गेला. अख्ख्या मांडवात माझ्या जपानीला कुणी सरळ उत्तर दिलं असेल तर ते त्यानंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेना. "तुझ्या बोलण्यात ते हे येत नाही," म्हणाले, "जोर." आणि त्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका दहा-अकरा वर्षांच्या पोराला हाक मारली. हा पोरगा घरात दिवसरात्र ॲनिमे बघतो म्हणे. पोरगा उठला, दोन्ही हात जोडले, मान झुकवली आणि छप्पर उडेल अशा आवाजात ओरडला, "इतादाकिमास!!" टाळ्या! लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. हे जपानी. आपला जेवणाआधीचा श्लोकच की हा." आता हे जेवणाआधी म्हणतात आणि या कार्ट्याची एक जिलबी खाऊन झाली होती, दुसरी हातात होती, पण हे मी कुणाला सांगणार? मी आपली वरणभात कालवत बसले.

पुढे काकांनी अक्षरं किती ते विचारलं. सांगितलं, हिरागाना लिपीत ४६, काताकाना लिपीत ४६, शिवाय कांजी, म्हणजे चिनी अक्षरं, त्यातल्या नेहमीच्या वापरातल्या म्हणून सरकारी यादीत आहेत त्याच २१३६. काका हसले. "आपली बाराखडी द्यायला हवी होती त्यांना. सगळं मूळचं आपलंच असतं, जतन मात्र दुसरे करतात." आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. कारण हिरागानाचा तक्ता अ इ उ ए ओ असा सुरू होतो, पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात, आणि हा क्रम बौद्ध भिक्षू संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकायचे त्या अभ्यासातून तिकडे रुजला असं मानतात. म्हणजे माणूस चक्क बरोबर होता! न वाचता, न शिकता, निव्वळ सवयीनं बरोबर. मी सांगितलं नाही. मेले तरी सांगणार नाही.

राग कशाचा येतो सांगू? या भाषेची जी मोठी परीक्षा असते, जेएलपीटी, सगळ्यात सोप्या एन५ पासून सगळ्यात अवघड एन१ पर्यंत, तिच्यात वाचायला लावतात, ऐकायला लावतात, व्याकरण विचारतात, पण बोलायला लावत नाहीत. तोंडी परीक्षाच नाही तिला. एन१ झालेला माणूस कागदोपत्री तोंड न उघडता तिथवर पोचू शकतो. म्हणजे जे परीक्षेतसुद्धा विचारत नाहीत ते मला हात खरकटे असताना विचारतात. सिव्हिल इंजिनिअर दिसला की त्याला कुणी म्हणतं का, एक छोटासा पूल बांधून दाखव?

बाकीचे प्रश्नही ठरलेले असतात. त्यांची उत्तरं मी आता इथे एकदाच देऊन टाकते, म्हणजे पुढच्या कार्यात नुसती लिंक पाठवता येईल.

किती दिवसांत येते? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा जपानीचा अंदाज साधारण २२०० तासांचा आहे, फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळपास तिप्पट. आणि ते लोक तेवढंच काम करतात, पगार घेऊन. मी शनिवार-रविवार दोन-दोन तास क्लासला जाते. त्या हिशोबानं साडेदहा वर्षं. आता तो हिशोब इंग्रजीवाल्यांचा आहे. आपल्यासारखंच जपानीतही क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, त्यामुळे मराठी माणसाला वाक्य जमवणं सोपं जायला हवं. पण क्लासमध्ये शिकवतात इंग्रजीतून! म्हणजे सरळ असलेलं वाक्य आधी इंग्रजीत उलटं करायचं आणि मग जपानीत परत सुलटं करायचं. हे मी सरांना एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, पुस्तकात तसंच दिलंय. बरं.

जर्मन का नाही घेतलं? हा प्रश्न पुण्यातच येतो, कारण इथे प्रत्येक घरात एक जर्मन शिकणारा आणि एक जर्मनीत असलेला असतोच. आमच्या मावसभावानं घेतलं होतं. रोज फोन करून रडायचा की तिन्ही लिंगं आहेत गं, टेबल पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी, याला काही लॉजिक आहे का. अरे, तो खांब, ती भिंत, ते दार, हे तुला सदाशिव पेठेत कुणी लॉजिक लावून शिकवलं होतं का? तेव्हा नाही रडलास.

जपानला जाऊन आलीस का? नाही. मग काय उपयोग? तर मॅक्सम्युलर साहेबांनी सायणभाष्यासकट ऋग्वेद इंग्लंडात बसून संपादित केला, भारतात आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलं नाही, आणि आपण त्यांच्या नावाच्या भवनांत जाऊन जर्मन शिकतो. त्यांना कुणी विचारलं नाही, काशीला जाऊन आलात का. मी निदान सिंहगड रोडच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात जाते. तिथे जपानी माणूस मला अजून भेटलेला नाही, प्री-वेडिंगचे फोटो काढणारे मात्र खूप भेटले.

गूगल ट्रान्सलेट असताना कशाला? खरंय. स्विगी असताना स्वयंपाकही कशाला. (हे मी सासूबाईंसमोर बोलले, बोलायला नको होतं.)

शिव्या शिकवतात का? नाही. स्वतःच्या पैशानं शोधाव्या लागतात.

आणि शेवटचा प्रश्न, जो वहिनींनी हात धुताना विचारला. "पण आता या वयात तू याचं करणार काय?" हा मात्र मला लागला. त्याच पंगतीत एक बावीस वर्षांचा मुलगा होता, तो जर्मनचं ए२, म्हणजे खालून दुसरी पायरी, करतोय, त्याला सगळे म्हणत होते, वा, करिअरच्या दृष्टीनं उत्तम. मी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेय, ऑफिस आणि घर सांभाळून शिकलेय, रात्री कुकर लावून टेबलावर कांजी गिरवल्यात, तर माझ्या वाट्याला काय, "हौस हो तिला" आणि "वेळ बरा मिळतो गं तुला". वेळ मिळत नाही, वहिनी. वेळ मी झोपेतून कापते. आणि काही नाही करायचं मला त्याचं. वाचायचंय. एखादं पातळसं पुस्तक, शब्दकोश न उघडता, सलग. यात काय करणार असं विचारण्यासारखं काय आहे?

त्यात आता नवीन. परीक्षा वर्षातून दोनदा असते, जुलै आणि डिसेंबर, आणि डिसेंबरची येते पहिल्या रविवारी. मी फॉर्म भरलाय, पैसे गेलेत. काल आत्याचा फोन आला, तिच्या दिराच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच रविवारी आहे, नाशिकला. म्हटलं आत्या, माझी परीक्षा आहे गं. तर म्हणाली, "अगं तुझी काय, हौसेची परीक्षा, जुलैत परत असतेच की. मुलीचं लग्न परत असतं का?"

मी जाणार नाहीये. आहेर मात्र पाठवावा लागेल.