टीएसएच नॉर्मल असला तरी फ्री टी४ बघाच
थायरॉइडवरच्या लेखात म्हटलंय की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिच्युटरीचं संप्रेरक) ०.४ ते ४ मध्ये असला की थायरॉइड ठीक. पिच्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी, धडधाकट असेल तरच हे खरं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचं टीआरएच हे संप्रेरक पिच्युटरीला टीएसएच सोडायला लावतं आणि रक्तात टी४, टी३ ही थायरॉइडची संप्रेरकं वाढली की दोघांनाही लगाम बसतो. पिच्युटरीच निकामी झाली तर टी४ कितीही घसरला तरी टीएसएच हवा तसा चढत नाही. रिपोर्टवर तो कमी, नॉर्मल, कधी किंचित जास्तही दिसतो, कारण तयार होणारं टीएसएच कमकुवत असतं.

याचं आपल्याकडे आवर्जून लक्षात ठेवावं असं कारण म्हणजे शीहान सिंड्रोम. गरोदरपणात पिच्युटरी फुगते, रक्ताची गरज वाढते; बाळंतपणात फार रक्तस्राव होऊन बीपी कोसळलं की तिच्या पेशी मरतात. मग अंगावरचं दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा, सोडियम कमी. निदानाला कित्येकदा वर्षानुवर्षं लागतात. बाईला बाळंतपणाबद्दल कुणी विचारतच नाही हो!

आणि कृपा करून अशा रुग्णाला थायरॉक्सिन (औषध म्हणून दिलेला टी४) आधी सुरू करू नका. पिच्युटरी बिघडली की अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही कमी पडू शकतं, म्हणून सकाळी ८ च्या सुमारास ते तपासा. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की. अशा वेळी आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढणारं औषध), मग थायरॉक्सिन. थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसॉल भराभर संपवतं, आणि उलट्या, बीपी घसरणं, बेशुद्धी इथपर्यंत मजल जाते. पुढे डोस ठरवतानाही टीएसएच उपयोगाचा नाही, फ्री टी४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४) बघायचा.