खुलासा : इलेक्ट्रिक एलेरॉन ट्रिम म्हणजे ऑटोपायलट नव्हे

घरी बांधलेल्या आरव्ही-७ सारख्या विमानात इलेक्ट्रिक एलेरॉन ट्रिम (एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी हलती फळी; ट्रिम म्हणजे वैमानिकाच्या हातावरचा दाब कमी करणारी सोय) बसवली की पंख आपोआप समतल राहतात, आणि त्यासाठी एलेरॉन कापून त्यात टॅब (छोटी हलती पट्टी) बसवावा लागतो, असे सांगितले जाते. दोन्ही चूक.

या विमानात साधारण ७९-७९ लिटरच्या दोन टाक्या पंखांत असतात आणि इंजिन एका वेळी एकाच टाकीतून इंधन ओढते. भरलेल्या टाकीतले इंधन सुमारे ५७ किलो भरते. एक बाजू रिकामी होऊ लागली की विमान दुसरीकडे झुकते आणि वैमानिकाला स्टिक (एलेरॉन हलवणारा दांडा) सतत दाबून धरावी लागते. ट्रिम एवढाच दाब कमी करते. वाऱ्याच्या झोताने पंख कलंडला तर तो सरळ करणे वैमानिकाचेच काम. पंख कलंडल्याचे ट्रिमला कळतच नाही. त्यासाठी जायरो (विमानाचा कल ओळखणारे उपकरण) लागतो, जो ऑटोपायलटमध्ये असतो.

टॅबची तर गरजच नाही. नेहमीच्या रचनेत छोटी सर्व्हो मोटर (बटणाने हवी तेवढीच सरकणारी मोटर) स्टिकला जोडलेल्या स्प्रिंगांचा ताण बदलते. एलेरॉनला हातही लागत नाही.

आणखी एक, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. टाक्या समान असतानाही विमान कायम एकाच बाजूला झुकत असेल, तर आधी एलेरॉनची जुळणी आणि मागची कड तपासा. तो दोष ट्रिमखाली झाकू नका. ट्रिमचे बटण अडकून मोटर टोकापर्यंत गेली तरी स्टिक हाताने आवरता येते का, हे जमिनीवरच पाहून घ्या.