चौदा रुपये किलो

आपण विकायला गेलो की रद्दी आणि तेच मागायला गेलो की अँटिक! हा कुठला न्याय?

मी चार दिवस गावाला काय गेले, घरच्यांनी माझं कोलाजचं, म्हणजे कागदाबिगदाचे तुकडे चिकटवून चित्र करायच्या सामानाचं, खोकं रद्दीवाल्याला देऊन टाकलं. वर म्हणे, "कसले ते चिटोरे!" अहो, चिटोरे? जुन्या लग्नपत्रिका, काडेपेट्यांची चित्रं, मिठाईच्या खोक्यांचा सोनेरी कागद. आणि आजीच्या कॅलेंडरची पानं, दुधाच्या हिशेबासकट. चौकोनात बारीक पेन्सिलीने 'दूध नाही', 'दूध नाही', मग एकदम 'दोन लि. पाहुणे'. ते अक्षर आता मी कुठून आणू? तीन किलो भरलं. 42 रुपये आले, त्यांची भाजी आणली.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे धावले. माल गोडाउनला गेलेला. "दुसरी जुनी कॅलेंडरं आहेत ना ताई, पन्नासला एक पान." पान! किलो नाही.

बरं, निदान फ्रेम तरी मिळेल म्हणून रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. कॅफेवाल्यांनी भिंतींवर रिकाम्या चौकटी टांगायचं खूळ काढल्यापासून तिथेही भाव डोक्यावर बसलेत. एका फ्रेममध्ये लक्ष्मी होती, रविवर्मा छापखान्याच्या वळणाची. कुणा बाईने तिच्या पदराला खरी जर आणि हाराला मणी चिकटवलेले. 1894 साली मुंबईत तो छापखाना निघाला आणि मग घरोघरी बायकांनी अशी चित्रं नटवली. त्याला कोलाज म्हणायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी फक्त फ्रेमचा भाव विचारला, तर या बाबाने पकडीने खिळे उपटले आणि चित्र खस्सकन ओढलं. दमटपणाने काचेला चिकटलेलं ते, कमरेतून फाटलं. "फोटो फुकट घ्या ताई, फ्रेमचे नऊशे." फुकट!

घासाघीस करून सातशेला आणली. सागवान म्हणे. घरी येऊन टेबलावर ठेवली तर कोपऱ्यातून भुसा गळायला लागला. सागवानाची अशी चाळणी होते होय? मलाच अक्कल नाही, आधी नखाने टोकरून बघायला हवं होतं.

आता कणकेची खळ शिजवून ठेवलीय, कसर लागू नये म्हणून मोरचूद घालून. चिकटवायला आहे काय? अर्धी लक्ष्मी.