हवा सोडली जाईल

आमच्या सोसायटीचा फलक गेली 11 वर्षं मी लिहितो. सदाशिव पेठेत हे काम मानाचं असतं. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ हे माझंच वाक्य. त्याखाली कुणी गाडी लावली नाही असं नाही, पण लावणारा ते वाचून मग लावायचा, एवढा धाक होता.

पुढे निम्मे फ्लॅट भाड्यानं गेले. इंदूर, कोची, भुवनेश्वरची पोरं आली. त्यांना मराठी वाचता येईना, आणि न वाचणाऱ्याचा अपमान करणं म्हणजे निव्वळ शाई वाया घालवणं. फलक इंग्रजीत करायचा ठराव झाला. मी बँकेत 34 वर्षं ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’नं पत्रं सुरू केलेली, एका दमात लिहिलं, ‘व्हेइकल्स पार्क्ड हिअर विल रिमूव्ह देअर एअर.’

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा कोचीचा मुलगा हात जोडून आला. म्हणाला, ‘अंकल, माझी स्कूटर अजून एवढी हुशार नाही. स्वतःची हवा स्वतः काढायला तिला जमायचं नाही.’

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौक गाठला. व्याकरणाच्या सरावाचं जुनं पुस्तक 60 रुपयांना मिळालं. आधीच्या मालकानं निम्म्या गाळलेल्या जागा पेन्सिलीनं भरून ठेवल्या होत्या. आयतं मिळालं म्हणून मी नऊ दिवस ती उत्तरं वहीत उतरवली. मग सातवीतल्या नातीनं वही तपासली आणि विचारलं, ‘आबा, हे पुस्तक आधी ज्याचं होतं तो पास झाला होता का?’ जिथे जिथे शंका, तिथे तिनं लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. खालच्या टिंबाऐवजी ती छोटं पोकळ वर्तुळ काढते. माझ्या वहीत तशी पानोपान बुडबुड्यांची रांग लागली.

पहिला धडा आर्टिकल्सचा. आपल्याकडे ‘दूध आलं’ म्हटलं की दूध येतं. इथे ते कुठलंसं दूध आहे की कालपासून आपण ज्याची वाट पाहतोय तेच, हे आधी ठरवायचं. त्यातही ‘अवर’च्या आधी अ‍ॅन आणि ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ए, कारण हिशेब अक्षराचा नाही, उच्चाराचा. लिहिलेला एच बोलायचा नाही, न लिहिलेला ‘य’ बोलायचा, आणि आर्टिकलनं तेवढं कान देऊन ऐकायचं!

काळांबद्दल काय बोलावं. ‘मी 1994 पासून इथे राहतो’ हे सरळ वाक्य. मी ‘आय लिव्ह हिअर सिन्स 1994’ लिहिलं. बुडबुडा. हवं होतं ‘हॅव बीन लिव्हिंग’. एका वन बीएचकेत राहायला तीन क्रियापदं लागतात.

टॅग क्वेश्चन्सनी मात्र माझा पुरता घाम काढला. आपल्या ‘ना’ला काळ, पुरुष, वचन काही पडलेलं नसतं. तू येणार ना? त्यानं पैसे दिले ना? इंग्रजीत प्रत्येक वाक्याला बेतून शिवलेलं वेगळं शेपूट. मी वीसच्या वीस वाक्यांना ‘इझन्ट इट’ जोडून मोकळा झालो. सोळाव्याचं उत्तर खरोखर तेच निघालं. त्याचाही अर्धा मार्क कापला गेला. प्रश्नचिन्ह राहिलं होतं.

विरामचिन्हांवरून मी थोडा भांडलो. आमच्या पणजोबांचा मोडीतला भाडेखतांचा गठ्ठा माळ्यावर आहे. त्यात शब्दांमध्येसुद्धा जागा नाही, स्वल्पविराम तर दूरच, आणि तरी भाडं वेळेवर यायचं. ही चिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडींना देतात. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख होता. म्हणजे माझ्या स्वल्पविरामाचं दुखणं गावातलंच. नातीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘मग तर तुम्हाला यायलाच हवं.’

आणि मग आला पॅसिव्ह व्हॉइस. पंचवीसपैकी पंचवीस! एकही बुडबुडा नाही. नात दोनदा तपासून गेली. पुस्तकात नियम होता की क्रिया करणारा कोण हे माहीत नसेल किंवा सांगायची गरज नसेल, तर ‘बाय’ आणि पुढचं नाव गाळावं. अहो, हा नियम आम्ही पाळण्यात वाढलोय. उधार दिलं जाणार नाही. पत्ता सांगितला जाणार नाही. कोण देणार नाही, कोण सांगणार नाही, कुणी विचारलंय? पुस्तकवाल्यांनी उदाहरणं मात्र ‘मांजराकडून उंदीर मारला गेला’ अशी दिलीत. चौकाचौकांतल्या पाट्या वाचल्या असत्या तर धडा रंगला असता.

त्या जोरावर नवा फलक लिहिला: ‘इफ एनी व्हेइकल इज पार्क्ड इन फ्रंट ऑफ द गेट, इट्स टायर्स विल बी डिफ्लेटेड.’ गेटच्या आधी द. मध्ये स्वल्पविराम. ‘इट्स’मध्ये मी एक अपॉस्ट्रॉफी टोचली होती, ती नातीनं ‘ही टिकली काढा, आबा’ म्हणून पुसायला लावली. रात्री स्वतः खाली जाऊन फलक लावला.

सकाळी दूध आणायला उतरलो. फलकाखाली स्कूटर होतीच. आणि माझ्या वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामाला चिकटून, कुणीतरी लाल पेननं लिहिलं होतं: ‘बाय हूम?’

‘हू’ नव्हे, ‘हूम’. प्रश्नचिन्हाखाली एक छोटं पोकळ वर्तुळ.