ढिंगरीची पावडर म्हणजे घरचं बी नव्हे

दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांत सध्या एक निरोप फिरतोय: 'ढिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) छत्री कागदावर पालथी ठेवा. रात्रीत पडलेली पावडर हेच बी, ते थेट भुशावर टाका. अळिंबीत नर-मादी नसतात, म्हणून वाण बिघडत नाही. बटणलाही हेच लागू. स्पॉनचा (विकत मिळणाऱ्या अळिंबीच्या बियाण्याचा) खर्च कायमचा वाचला.' पावडर पडते, एवढं खरं; ती म्हणजे छत्रीचे बीजाणू.

'नर-मादी नसतात.' नसतात, पण जोडी लागतेच. ढिंगरीच्या बीजाणूतून निघालेल्या तंतूच्या पेशीत एकच केंद्रक असतं. तो एकटा वाढतो, पण एरवी छत्री धरत नाही. जुळणारा दुसरा तंतू भेटावा लागतो. ही जुळणी दोन जनुकस्थानांवर ठरते आणि दोन्हीकडे फरक हवा. एकाच छत्रीच्या बीजाणूंचे असे चार गट पडतात, आणि प्रत्येकाचं उरलेल्यांपैकी एकाच गटाशी जमतं.

'वाण बिघडत नाही.' खरं नुकसान या वाक्यानं होणार आहे. जोडी जमली तरी केंद्रकं लगेच एक होत नाहीत. एका घरात दोन चुली असाव्यात तशी ती पेशीमागून पेशी शेजारी-शेजारी राहतात. नव्या पेशीत दोन्ही पोचावीत म्हणून तंतूच्या कडेला बारीकसा बाक येतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. दोन्हींचा मिलाप होतो तो थेट छत्रीखालच्या पट्ट्यांवर. तिथे लगेच अर्धसूत्री विभाजन होऊन गुणांची फेरवाटणी होते आणि चार बीजाणू बनतात. त्या पावडरीतून पीक येईलही, पण ते मूळ वाणाचं नसेल. आपण द्राक्षाची बाग बियांपासून धरतो का? डॉगरिजच्या खुंटावर हव्या त्या वाणाचं कलम करतो. स्पॉन म्हणजे तीच काडी: दोन्ही केंद्रकं जशीच्या तशी राखून धान्यावर वाढवलेली बुरशी.

'बटणलाही हेच लागू.' बटणची रीतच वेगळी. तिथे बहुधा दोनच बीजाणू बनतात आणि एकेकात जुळणारी दोन केंद्रकं असतात, म्हणून एकटा बीजाणूही पीक देऊ शकतो. बटणचे संकर करणं त्यामुळेच अवघड गेलं.

'थेट भुशावर टाका.' बीजाणू सावकाश रुजतात, तोवर हिरवी बुरशी भुसा व्यापते. शिवाय ही पावडर श्वासात गेली तर खोकला, दमा होतो. कोंदट खोलीत तोंडाला मास्क बांधाच.

वाण राखायचाच असेल तर ताजी, निरोगी छत्री फाडून आतल्या गराचा तुकडा निर्जंतुक माध्यमावर ठेवा. त्यात दोन्ही केंद्रकं शाबूत असतात.