खुलासा : ३९७००१० म्हणजे १९६९ चंच इंजिन नव्हे

'ब्लॉकवर ३९७००१० दिसला की ते १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो गाडीचं मूळ इंजिन, डोळे झाकून घ्या' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

हा नुसता ओतकामाचा क्रमांक आहे, म्हणजे इंजिनचा मुख्य लोखंडी ठोकळा (ब्लॉक) ओतताना त्यावर उमटलेला साच्याचा नंबर. शेव्हरोलेने १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरपर्यंत हा ब्लॉक मोटारींत आणि ट्रकमध्येही वापरला. ब्लॉकवरच्या ओतकामाच्या तारखेत महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा फक्त शेवटचा अंक असतो. म्हणजे ९ हे १९६९ की १९७९, ते तिथे कळतच नाही.

खरी ओळख ब्लॉकवरच, उजव्या सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) लगेच पुढे असलेल्या सपाट पट्टीवर पटते. तिथे इंजिन जुळणीची तारीख, १९६९ ला दोन आणि १९७० च्या मॉडेलपासून तीन अक्षरांचा इंजिनच्या प्रकाराचा कोड, शिवाय चासी नंबरचा काही भाग पंच केलेला असतो (१९६९ ला हा भाग कधी कधी ऑइल फिल्टरजवळ असतो). तो भाग गाडीशी जुळला पाहिजे. (पट्टी घासून नवे आकडे पंच करणारेही आहेत, म्हणून कारखान्यातल्या बारीक समांतर रेघा शाबूत आहेत का तेही बघा.)

मूळ इंजिन गेलंच असेल तर त्याच काळातलं दुसरं बसवण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र त्याच्या ओतकामाची तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची हवी, आणि विकताना इंजिन बदललंय हे सांगायलाच हवं.