झाड वाळतंय? खोदून पाहू नका

संत्र्याचं झाड शेंड्याकडून वाळायला लागलं, पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक गळायला लागला, की पहिला नियम लक्षात ठेवा: खाली वाकायचं नाही. कुदळीला हात लावायचा नाही. सरळ चौकातल्या पानठेल्यावर जायचं. वरुड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, ठेल्यावर उभे असलेले पाचही जण झाडांचे डॉक्टर असतात, आणि त्यातल्या दोघांचे स्वतःचे बगीचे मागच्याच साली तोडून सरपणात गेलेले असतात. अनुभव अनुभव म्हणतात तो तिथंच मिळतो.

एक म्हणेल, "नजर हाये भाऊ." दुसरा म्हणेल, "शेणा-गुळाचं जिवामृत टाक." तिसरा खिशातून बाटलीचा फोटो काढून दाखवेल. "पाणी कसं देता?" असं कोणी विचारणार नाही. चुकून विचारलंच, तर त्याच्या चहाचे पैसे देऊ नका. असे लोक बैठक मोडतात.

आता तुम्हाला पार्टी निवडायची आहे. श्रद्धावान व्हायचं की शंकेखोर? दोन्हीकडे मान आहे, आणि दोन्हीकडे झाडाच्या मुळाशी जावं लागत नाही.

श्रद्धावान होणार असाल तर आधी ग्रंथ पाहिजे. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' सांगतो की झाडालाही वात, पित्त, कफ असतात. हे ठासून सांगा. त्याची हस्तलिखित पोथी ऑक्सफर्डला आहे हेही सांगा, म्हणजे पोथी आपली आणि पुरावा साहेबाचा, असा दोन्हीकडून लाभ होतो. मात्र त्यातल्या कुणपजल नावाच्या पातळ खताच्या कृतीत मांस, चरबी, मज्जा लागते. ते पान भाषणात उलटायचं नाही.

मग अग्निहोत्र. तांब्याचं पात्र, गोवऱ्या, तूप, चिमूटभर तांदूळ, बरोबर सूर्योदयाला आणि बरोबर सूर्यास्ताला. परदेशी काही हवं असेल तर रुडॉल्फ स्टायनर घ्या. या तत्त्वज्ञाने 1924 साली शेतीवर व्याख्यानं दिली आणि गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायला सांगितलं. आमच्याकडे पोळ्याला शिंगं रंगवतात, पुरत नाहीत, एवढंच आपण मागं राहिलो. होमिओपॅथीही आहे. एका थेंबात नव्व्याण्णव थेंब पाणी, त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवात, असं तीस वेळा. साधा हिशेब करा: सिंभोऱ्याच्या अख्ख्या अप्पर वर्धा धरणात एक थेंब टाकला तरी ते औषध याच्यापेक्षा कितीतरी घट्ट राहील. म्हणजे त्या धरणाच्या कालव्याचं पाणी पाजणारा कास्तकार नकळत जहाल डोस देऊन राहिला म्हणायचा.

हसू नका, शंकेखोरांचीही पाळी येते.

शंकेखोर होणं त्याहून सोपं. गोमूत्राचं नाव काढलं की नाक मुरडायचं, "याला पुरावा काय?" म्हणायचं, आणि तिथून थेट कृषी केंद्रात जाऊन काउंटरवरची सोनेरी झाकणाची बाटली उचलायची. पुरावा तिथं विचारायचा नाही. बाटलीवर इंग्रजीत छापलंय, तोच पुरावा. झाडांना 'जोम' देणारी असली टॉनिकं केंद्र सरकारनं खत नियंत्रण आदेशात आणली ती 2021 मध्ये. तोवर ती आपल्या तोंडानंच आपली ओळख सांगत होती. मी स्वतः तीन हंगाम घेतली. झाडाचं माहीत नाही, दुकानदाराच्या घरावर दुसरा मजला मात्र चांगला फुटला.

आणि एक सावधगिरी: शंकेखोर झालात तरी आपण स्वतः काय करतो ते कोणाला सांगू नका. डिसेंबर-जानेवारीत आपण ठणठणीत झाडाचं पाणी तोडतो. पानं मलूल होईपर्यंत त्याला उपाशी ठेवतो. मग आळं खोदून, खत घालून पाणी सोडतो आणि झाड आंबिया बहाराच्या फुलांनी पांढरं होतं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पाहा. "झाडाला तहानेनं मारायचं म्हणजे ते फुलतं," यापेक्षा शिंगात शेण भरणं त्याला शहाणपणाचं वाटेल. पण हा पाणी तोडण्याचा 'ताण' लागू पडतो. आजोबांच्या वेळीही पडत होता, त्याचं कारण पुस्तकात यायच्या कितीतरी आधी. त्यामुळं ऐकायला खुळं वाटतं म्हणून खोटं, हा शंकेखोरांचा लाडका कायदा संत्र्याच्या बगीच्यात चालत नाही. अर्थात ताण लागू पडतो म्हणून अंगारेही लागू पडतात, हा श्रद्धावानांचा कायदाही नाही.

आता मूळ दुखणं. हा भाग भराभर वाचा, नाहीतर कामाचा निघायचा. डिंक्या आणि मूळकुज करणाऱ्या रोगजंतूचं नाव फायटोफ्थोरा. 'झाडांचा नाश करणारा' असा त्याचा अर्थ. त्याचे बीजाणू शेपटीनं पाण्यात पोहतात. म्हणून भारी काळ्या जमिनीत, जिथं पाणी निघायला जागा नाही, तिथं मोकाट पाणी सोडा, ते बुंध्याला टेकू द्या, म्हणजे त्याला पोहत यायला रस्ता होतो. पन्हेरीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, कलम आणताना ते जंबेरीच्या खुंटावर आहे की रंगपूरच्या हे विचारू नका, जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते. लावताना कलमाचा डोळा मातीत गाडून टाका. बुंध्याभोवती दुहेरी आळं करून आतलं आळं कोरडं ठेवायचं, असं कोणी सांगितलं तर म्हणा, "एवढी मजुरी कोण देते?" आणि घरी येऊन अग्निहोत्राचं तूप विकत घ्या.

बोर्डो पेस्ट तर बुंध्याला लावूच नका. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, इतक्या स्वस्त औषधावर कोणाचा विश्वास बसणार? शिवाय त्याचा जन्म औषध म्हणून झालाच नाही. फ्रान्सात बोर्डोकडचे द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, तो चोरट्यांसाठी. निळंपांढरं विषारी दिसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत. साधं बुजगावणंच म्हणा. मिलार्डे नावाचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक तिथून जात होता. केवडा रोगानं सगळा मळा झडलेला, आणि रस्त्याकडच्या वेली मात्र पानांनी भरलेल्या. त्यानं प्रयोग केले आणि 1885 साली जगाला सांगितलं.

मला या गोष्टीत मिलार्डेपेक्षा तिथल्या शेतकऱ्यांचा कंजूषपणा आवडतो. त्यांनी आतल्या ओळींवर शिंपडलं नाही. मोरचूद वाया कशाला घालवायचा? म्हणून निळ्या ओळी आणि कोऱ्या ओळी शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. सगळा मळा निळा केला असता तर प्राध्यापक "वा, यंदा रोग नाही" म्हणून पुढं गेला असता.

म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला: काहीही करा, जिवामृत टाका, राख टाका, सोनेरी झाकण टाका, पण एक ओळ कोरी ठेवू नका. कोरी ओळ घात करते. औषध घातलेल्या झाडाएवढीच ती हिरवी झाली तर खर्च झालेल्या पैशांचं घरी काय सांगायचं? आणि ती वाळली, तर ज्या सोयऱ्याच्या औषधावर दोन वर्षं हसलो त्याच्या दारात जाऊन कृती विचारावी लागेल. दोन्हीकडून फजिती.

मला हे कळतं, कारण मी ती चूक केली. बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या जिवामृतावर माझा विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. दोनशे लिटर पाण्याचा ड्रम, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. घरात म्हणाले, एवढ्या बेसनात गावाचे भजे झाले असते. तरी केलं. सगळ्या बगीच्याला दिलं आणि नाल्याकडची सात झाडं कोरी ठेवली. पाणी सगळ्यांना सारखं, आळं सारखं, बोर्डो सारखं. फक्त जिवामृत नाही. वहीत तारखा लिहिल्या. साठीतला माणूस शाळकरी पोरासारखी वही घेऊन झाडं मोजतो, हे पाहून सालदारानं दोन दिवस माझ्याशी जपूनच बोलणं केलं.

दिवाळीपर्यंत सातही झाडांना नवी पालवी आली. बाकीच्यांना आली तेवढीच. मी ठेल्यावर जाहीर केलं की जिवामृतानं फरक पडत नाही, जे झालं ते आळ्यानं आणि बोर्डोनं झालं. दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं, एकानं चहा पाजला.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मोटर बंद करायला वावरात गेलो, तर नाल्याकडं कोणी वाकलेलं दिसलं. आमचे बाबा. वय पंच्याऐंशी. हातात बालदी, बालदीला गुळाचा वास.

"बाबा, हे कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून." त्यांनी सातव्या झाडाच्या आळ्यात बालदी उलटी केली. "साऱ्याइच्या ताटात वाढलं, अन् या सातच झाडाइले काहून उपाशी ठेवतं तू? काय गुन्हा केला त्याइनं?"